अक्काच्या पुडीतला फ्लोरीन

गौरीच्या सणाला मी गावी गेले तेव्हा अक्का हापशावरून येत होती. डोक्यावर एकावर एक दोन हंडे, कमरेवर कळशी. मी एसटीतून उतरले आणि पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. मागच्या उन्हाळ्यात हीच माझी थोरली बहीण पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलत होती. सकाळी तिची बोटं मिटायची नाहीत. मनगटं सुजलेली असायची. तिची वेणीसुद्धा मीच घातली होती.

"बघती काय अशी? घे की एक हंडा," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. आईवडील जायचे, आता अक्का आणि दाजी जातात. मी गेले नाही, कारण अक्का गेली. शाळा सोडून ती आईबरोबर उसाच्या फडात उभी राहिली, म्हणून मला नगरला बोर्डिंगात ठेवता आलं. हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. आज मी संगमनेरला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझी पीएचडी झाडपाल्यातले रेणू वेगळे काढून त्यांची रचना शोधण्यावर झाली, असं मी अक्काला एकदा सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "म्हंजी वैदूच की तू."

अक्काला आमवात होता. नगरच्या डॉक्टरांनी तसं सांगून गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांचा गुण दिसायला वेळ लागतो, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. फडावर असताना रक्त तपासायला कोण जाणार? गोळ्या सुटल्या. आणि आता ही हंडे वाहत होती.

चुलीपुढं बसून तिनं मला सगळं सांगितलं. आठवडे बाजारात एक बाबा जीप घेऊन येतो. जडीबुटीची भुकटी देतो. सकाळी एक पुडी, कोमट पाण्यातून.

"चौथ्या दिशी उठून बसले गं मी. आपल्या आपण. तुझं दाजी तर रडलंच."

दाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली. "लई गुण हाय त्याच्या हाताला."

अक्काचा चेहरा भरला होता. गाल गोल झाले होते, हनुवटीखाली मांस आलं होतं. शेजारच्या बाया येऊन सांगत होत्या, "तब्येत काय सुधारली बाई तुझ्या बहिणीची!" मलाही तसंच वाटलं. खरं तर मला दुसराच आनंद झाला होता. एवढा गुण देणारं झाड आपल्याच डोंगरात असेल आणि त्यातला रेणू अजून कुणी शोधला नसेल, तर? मी दोन पुड्या मागून घेतल्या. अक्कानं त्या मोठ्या अभिमानानं काढून दिल्या.

आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा साधी आहे. मी भुकटी द्रावकात भिजवली, गाळली, आणि तो अर्क तपासणीच्या पट्टीवर चढवला. झाडपाल्याचा अर्क असा चढवला की पट्टी खालपासून वरपर्यंत रंगते. ठिपक्यांची गर्दी होते, एकातून दुसरा निघतो, कुणाचं काय ते कळत नाही. पट्टी वाळवून मी अतिनील दिव्याखाली धरली. हिरवट रंगाचा एक पुसट ओघळ होता. आणि मधोमध एकच काळा ठिपका होता, ठसठशीत.

झाड इतकं स्वच्छ नसतं. हे मला तेव्हाच कळलं असणार, पण मी स्वतःला म्हटलं, बघू तरी. तो ठिपका मी वेगळा काढला. द्रावक उडून गेल्यावर बशीत पांढरे स्फटिक राहिले. तपकिरी भुकटीतून निघालेले, मिठासारखे पांढरे.

रेणूची रचना पक्की करायची तर एनएमआर हवा. ते यंत्र आमच्याकडे नाही. आमचे नमुने पुण्याला एका संस्थेत जातात आणि रांगेत पडून राहतात. या वेळी मी नमुना पाठवला नाही. बारीक काचेच्या नळीत तो विरघळवून, थर्माकोलच्या डबीत घालून, डबी मांडीवर घेऊन मीच पुण्याच्या गाडीत बसले.

यंत्र सांभाळणारे सर मला पीएचडीपासून ओळखतात. त्यांच्या खोलीत शिरण्याआधी मोबाईल, एटीएम कार्ड, पदराच्या पिना सगळं बाहेरच्या टेबलावर काढून ठेवावं लागतं. आत माणसाहून उंच, पिंपासारखं एक यंत्र तीन पायांवर उभं असतं. त्याच्या पोटात द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं चुंबक असतं. ते कधी बंद होत नाही. बाहेरून मात्र काहीच जाणवत नाही, म्हणूनच मला त्या खोलीत नेहमी थोडं दबून वागावंसं वाटतं.

मुलांना शिकवताना मी हे असं सांगते: हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे इवलंसं चुंबक. त्याला मोठ्या चुंबकात ठेवलं की ते ओळीत उभं राहतं. मग रेडिओलहरीचा एक धक्का द्यायचा. ओळ मोडते, आणि परत जागेवर येताना प्रत्येक हायड्रोजन आपला आपला सूर लावतो. त्याच्या शेजारी कोण आहे यावर तो सूर ठरतो. त्या सुरांवरून आपण शेजारी ओळखायचे, आणि शेजाऱ्यांवरून अख्खं घर उभं करायचं.

पडद्यावर आलेख उमटला. सर खुर्ची पुढं ओढून बघू लागले. डावीकडे तीन सुटी शिखरं होती, दुहेरी बंधांजवळच्या हायड्रोजनांची. उजव्या टोकाला तीन उंच शिखरं होती, मेथिल गटांची, म्हणजे एकेका कार्बनवर बसलेल्या तीन तीन हायड्रोजनांची. मध्ये दाटी. ही ठेवण मी पुस्तकात पाहिलेली होती. स्टेरॉइडची.

"मॅडम, झाड कुठलं म्हणालात?"

"झाड माहीत नाही, सर. भुकटी आहे."

ते म्हणाले, "फ्लोरीनचा आलेख काढून बघू या का?"

जगातली मोजकी विषारी झाडं सोडली तर कुठलंही झाड कार्बनला फ्लोरीन जोडत नाही. तो जोड माणूस कारखान्यात देतो. सरांनी यंत्राची जुळणी बदलली. आता हायड्रोजन नव्हे, फक्त फ्लोरीन बोलणार होता. झाडपाला असता तर पडद्यावर सपाट रेघ आली असती. मी मनातल्या मनात त्या रेघेची वाट बघत होते.

रेघ आली, आणि रेघेवर एक शिखर आलं. एकटं.

सर हळू आवाजात म्हणाले, "डेक्सामेथासोन असणार. नाहीतर बीटामेथासोन. कुणी घेतंय का हे?"

"माझी बहीण."

त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

ही दोन औषधं जवळपास जुळी आहेत. अणू तेवढेच, वजन तेच. एक मेथिल गट एकात रेणूच्या खालच्या अंगाला असतो, दुसऱ्यात वरच्या. वजन करणारं यंत्र त्यांच्यात फरक करू शकत नाही, एनएमआर करू शकतो. त्याचा एक प्रयोग आहे, ज्यात बंधानं न जोडलेले पण जागेनं जवळ असलेले हायड्रोजन एकमेकांची खबर देतात. त्यावरून मेथिल कुठल्या अंगाला आहे ते कळतं. प्रयोगाला वेळ लागतो. सर म्हणाले, एवढं कशाला, दोन्ही सारखीच वाईट. पण मी हट्टच धरला. तो प्रयोग चालू होता तोवर मी त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिले. मेथिल वर आहे की खाली, हे ठरत नव्हतं तोवर अक्काला काय सांगायचं हे मला ठरवावं लागत नव्हतं.

मेथिल खालच्या अंगाला होता. डेक्सामेथासोन.

संगमनेरला आल्यावर मी ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी मला बसवून नीट समजावलं. हे औषध आहे, खोटं नाही. दम्याला देतात, सुजेला देतात, पण मोजून आणि थोडे दिवस. असं महिनोन् महिने घेतलं तर हाडं पोकळ होतात, रक्तात साखर चढते, चेहरा गोल होतो.

"तो भरलेला चेहरा?" मी विचारलं.

"तोच. आणि नीट ऐका, तिला म्हणू नका की आजपासून बंद कर. शरीर स्वतःही असंच एक द्रव्य बनवतं, ते बनवणं त्यानं आता सोडून दिलं असेल. एकदम बंद केलं तर जीवावर बेतेल. तिला माझ्याकडे घेऊन या. हळूहळू कमी करत आणू."

म्हणजे घेऊ नको असंही सांगायचं नव्हतं आणि घे असंही नाही. दसऱ्याला मी पुन्हा गावी गेले, आलेखाचे कागद बरोबर घेऊन. अक्का ओट्यावर बाजरी निवडत होती. मी तिच्यापुढं कागद पसरले. तिनं हात पुसून एक उचलला.

"ह्ये काय? छातीची पट्टी काढत्यात तसली?"

मी सांगायला लागले. बाबाच्या भुकटीत झाडपाला नावापुरता आहे. त्यात कारखान्यातलं औषध मिसळलंय, लई जोराचं. त्यानं दुखणं बरं होत नाही, नुसतं दाबलं जातं. हाडं आतून खातं ते. मी सांगत होते आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत चाललं होतं, ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

"म्हंजी खरं औशीद हाय त्यात?" तिनं विचारलं.

"हो, पण..."

"आन् मी येडी! मला वाटायचं राखबिख आसंल, मनाचाच गुण आसंल. अवो, ऐकलं का?" तिनं आत दाजींना हाक मारली. "पुन्याच्या मशीनवर तपासलं हिनं. खरं औशीद निगालं."

मी तिचा हात धरला. "अक्का, ऐक माझं. ते तुला मारील. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गोळ्या देतील, हे हळूहळू कमी करतील. माझ्याबरोबर चल संगमनेरला."

"किती दिस लागतील?"

"महिने लागतील. थोडं दुखेल मधे."

ती बाजरीत बोटं फिरवत राहिली. "कोयता म्हंजी जोडी आस्ती, बाई. येकट्या मानसाला मुकादम नेत न्हाई. मी बसले तं तुझं दाजी बी बसलं. आवंदाचा पट्टा पडू दे, कारखाना बंद होऊ दे. मंग तू म्हनशील तिथं येते."

"आणि तोवर काही झालं तर?"

"तोवर मी चालती-फिरती तरी हाय ना?"

शेवटी एवढंच पदरात पडलं की पुडी एकदम बंद करायची नाही, आणि बाबानं पुड्या वाढवल्या तरी आपण वाढवायच्या नाहीत. रात्री जेवताना ती म्हणाली, "तू काळजी करू नको गं. लई वाळलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथर्डीला जाणाऱ्या जीपमध्ये दोन अनोळखी बाया माझ्या शेजारी बसल्या. एकीच्या मांडीवर तशाच पुड्यांची पिशवी होती. ती दुसरीला सांगत होती, "वरच्या वस्तीवरच्या बाईच्या बहिनीनं पुन्याला तपासलं म्हनं. लई मोठ्या मशीनवर. असली निगालं."

मी म्हटलं, "बाई, ती बहीण मीच. ते चांगलं नाही, घेऊ नका." तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिशवी पलीकडच्या मांडीवर घेतली आणि बाहेर बघू लागली. तिला वाटलं असावं, हिला आपल्या पुड्या हव्यात.

मग मी औषधांच्या सरकारी कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझे सगळे कागद पाहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, काम तुम्ही पक्कं केलंय. पण हा नमुना आमच्या माणसानं, विकणाऱ्याच्या हातून, पंचांसमोर घेतलेला नाही. मला तो चालणार नाही. आम्ही बाजाराच्या दिवशी माणूस पाठवतो." त्यांनी खरंच पाठवला. त्या दिवशी जीप आली नाही. पुढच्या बाजारालाही नाही. बाबाला आधीच वास लागला होता की तो आपणहून दुसऱ्या तालुक्यात सरकला, ते मला आजवर कळलेलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं. बाबा गेला म्हणजे पुड्या एकदम संपणार, हे मला समजायला हवं होतं, पण अक्कानं सांगितलं की पट्टा पडेपर्यंत पुरतील इतक्या तिनं आधीच घेऊन ठेवल्यात.

त्या वर्षी त्यांची टोळी नेमकी संगमनेरच्या भागात आली. प्रवरेच्या काठाला, कारखान्याच्या मळीचा वास येतो इतक्या अंतरावर त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या पडल्या. रविवारी मी भाजी, फळं घेऊन जायचे. अक्का उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, बांधत असायची, नाहीतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढत असायची. त्या फळीवर तिला बघताना मला आतून पोकळ होत चाललेले तिचे मणके दिसायचे. एकदा मी डॉक्टरीणबाईंना तिथवर घेऊन गेले. त्यांनी कोपीतच तिला तपासलं, गोळ्या दिल्या, पुढची तारीख दिली. अक्कानं गोळ्या घेतल्या आणि पुड्याही चालू ठेवल्या. तारखेच्या दिवशी तोड होती.

कोप्यांवरच्या इतर बायाही मला ओळखायला लागल्या होत्या. कुणी पुडी आणून दाखवायची, कुणी डबीतलं तेल. "यात खरं औशीद हाय का तेवढं बघून सांगा, मॅडम." मी नको म्हणून सांगायचे. त्या मान डोलवायच्या आणि पुडी परत पदराला बांधायच्या. दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या बाईला मी पाठीच्या दुखण्यावर दुसरं काय देऊ शकत होते?

संक्रांतीनंतरची गोष्ट. मी वर्गात शिरतच होते आणि दाजींचा फोन आला. "ताई, ही पडली. उलट्या करतीया. डोळं पांढरं करतीया." फडातून त्यांनी तिला उसाच्या ट्रॅक्टरवरून रस्त्यापर्यंत आणलं होतं. मी रिक्षा घेऊन गेले. तिचे हातपाय गार होते. नाडी सापडत नव्हती.

"पुड्या घेत होतीस ना?" मी विचारत होते. ती बोलत नव्हती. दाजी म्हणाले, "संपल्या. कोपीतल्या दोगी-तिगींला वाटून दिल्या हिनं. त्यांचं बी आंग लई दुकायचं."

दवाखान्यात पोचेपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते. काय घेत होती, त्याचं नेमकं नाव, तपासणी कुठं केली, मेथिल कुठल्या अंगाला आहे, सगळं. एवढी एक गोष्ट तरी मी तिच्यासाठी करू शकत होते. तपासायला तरुण डॉक्टर होते. त्यांनी अक्काचा चेहरा पाहिला, मनगटावरची जांभळी कातडी पाहिली, रक्तदाब घेतला, आणि मी तोंड उघडायच्या आत नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं.

"पावडर खात होत्या ना? स्टेरॉइडची? आणि बंद केली एकदम," ते म्हणाले.

"डेक्सामेथासोन," मी म्हणाले. "एनएमआर केलाय मी. बीटामेथासोन नाही, नक्की."

"बरं," ते म्हणाले आणि सलाईनचा वेग वाढवला. नंतर मी त्यांना विचारलं, दुसरं असतं तर उपचार बदलले असते का? ते थकलेलं हसले. "नाही हो. असे पेशंट सीझनभर येतात."

ज्यांना तिनं पुड्या वाटल्या होत्या त्यांना मी त्याच दुपारी कोप्यांवर जाऊन गाठलं. दोघी आल्या, डॉक्टरीणबाईंनी त्यांना गोळ्या लावून दिल्या. तिसरीची टोळी सकाळीच दुसऱ्या कारखान्याकडे हलली होती. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

अक्का वाचली. मात्र पाठीचा एक मणका दबून बसला होता. मोळी आता उचलायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दाजींच्या कोयत्याला जोडीदार म्हणून त्यांची भावजय उभी राहिली, आणि पट्टा पडेपर्यंत अक्का संगमनेरला माझ्याकडे राहिली.

डॉक्टरीणबाईंनी मोजून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या दर पंधरवड्याला कमी होत होत्या. त्यांचा डोस उतरला तसं तिचं जुनं दुखणं वर आलं. सकाळी तिची बोटं पुन्हा मिटेनात. दुसऱ्या, आमवाताच्या गोळ्यांचा गुण अजून यायचा होता. चेहरा उतरत होता, आणि मला भेटायला येणारी प्रत्येक शेजारीण म्हणत होती, बहीण फार खराब झाली हो तुमची.

एका दुपारी मी तिच्या मनगटांना शेक देत होते.

"तू पुडीतून ते पांढरं काढलं व्हतं म्हनालीस," ती म्हणाली.

"हो."

"मंग येक कर ना. तुला समदं म्हाईत हाय, कुठं काय चिकाटलंय ते. त्यातलं हाडं खानारं तेवढं काढून टाक. दुकनं थांबिवनारं ऱ्हाऊ दे. तेवढंच दे मला बनवून."

मी शेकाची पिशवी खाली ठेवली. तिला कसं सांगणार? त्या रेणूत हाडं खाणारा एक कोपरा आणि दुखणं थांबवणारा दुसरा असं काही नसतं. तो अख्खाच्या अख्खा एकच आहे. त्याचा प्रत्येक हायड्रोजन मी ओळखते, कोण कुणाशेजारी बसलाय ते मला पाठ आहे, आणि त्यातला एकही मी तिच्यासाठी हलवू शकत नाही. मोठमोठे लोक मोठ्या प्रयोगशाळांमध्ये तेच करायला बघतायत, अजून धड जमलेलं नाही.

"नाही गं जमत, अक्का," मी म्हणाले.

"आसं व्हय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या दुकानात माल संपलाय असं सांगितल्यावर माणूस म्हणतो तसं ती म्हणाली. मग तिनं दुसरं मनगट पुढं केलं, आणि मी पिशवी पुन्हा गरम करून आणायला आत गेले.